यादीत नाव नाही, वजन आहे: दोन मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण, आणि
मा. मंत्री, सांस्कृतिक कार्य,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांतील जुन्या संग्रहाचं निर्लेखन (नोंदीतून कमी करून विल्हेवाट लावणं) थांबवून आधी त्याची सूची करण्याबाबत.

स.न.वि.वि.

पत्र दोघांना मिळून लिहिते आहे, कारण विषय तुमच्या दोन विभागांच्या मधल्या फटीत पडलेला आहे. ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्रशिक्षणाकडे. पुराभिलेख संचालनालय आणि पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय सांस्कृतिक कार्याकडे. एकाच विभागाला लिहिलं तर ‘सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ असं एका ओळीचं उत्तर येईल, याचा अंदाज इतक्या वर्षांच्या कोर्टकामाने आलेला आहे.

मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी वकिली करते. वाटप, वहिवाट, कूळ, रस्ता, विहिरीचं पाणी असले वाद. माझा धंदाच जुन्या कागदावर चालतो. सातबारा, फेरफार, शाळेचा जनरल रजिस्टर उतारा, आणि यातलं काहीच मिळालं नाही तर आमच्या गावच्या वाचनालयातल्या जुन्या साप्ताहिकाच्या फाइली. हे साप्ताहिक साधारण 1920 नंतर सुरू झालं आणि आणीबाणीच्या आसपास बंद पडलं. त्याच्या बांधीव फाइली वाचनालयाच्या माळ्यालगतच्या खोलीत दोन लोखंडी रॅकवर होत्या.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ती खोली रिकामी झाली. तिथे स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका झाली. अभ्यासिकेबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या पक्षकारांची मुलं तिथे बसतात, घरी दोन खोल्यांत सहा माणसं असली की पुस्तक उघडायला दुसरी जागा नसते, आणि वाचनालयाला पगार भागवायला अभ्यासिकेची फी लागते हे मला कळतं. माझी तक्रार आहे ती खोली रिकामी कशी केली याबद्दल.

सभासद म्हणून मी निर्लेखनाची यादी मागितली, ग्रंथपालांनी लगेच दिली. पाठपोट लिहिलेले फुलस्केप कागद. कव्हर निघालेल्या कादंबऱ्या, उंदरांनी कुरतडलेली गाइडं, प्रत्येकाचं नाव, लेखक, दाखल अंक (म्हणजे नोंदवहीतला क्रमांक), किंमत सव्वा रुपया असली तरी लिहिलेली. आणि शेवटच्या पानावर एक ओळ: ‘जुनी, जीर्ण व कालबाह्य नियतकालिके’. पुढच्या रकान्यात नाव नाही, साल नाही. किलोमध्ये वजन आहे. वर्तमानपत्रांना आणि नियतकालिकांना दाखल अंक देण्याची आमच्याकडे पद्धत नाही. ती दाखल नोंदवहीत कधी चढलीच नाहीत, त्यामुळे नोंदवहीतून उतरवण्याचाही प्रश्न आला नाही.

वाचनालयाचं आणि गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कार्यकारी मंडळातली माणसं सचोटीची आहेत. रीतसर सभा झाली, ठराव झाला, रद्दीवाल्यांची दरपत्रकं मागवली, जास्त दर देणाऱ्याला माल दिला, पैसे बँकेत भरले, पावती आहे. वकील म्हणून सांगते, त्यांच्यावर काही उभं राहत नाही. आणि नेमकं हेच तुमच्यासमोर मांडायचं आहे. एका तालुक्याची पन्नासेक वर्षं आज महाराष्ट्रात एकही नियम न मोडता रद्दीत घालता येतात.

त्या फाइलींत होतं काय, असं कुणी विचारेल. पहिल्या पानावर पुढाऱ्यांची भाषणं, ती पुण्या-मुंबईच्या दैनिकांतही मिळतील. मोलाचं होतं ते आतल्या पानांवर. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशा नोटिसा: कुणी कोणतं शेत गहाण टाकलं, कोण घर सोडून परागंदा झाला, कुणाच्या सहीला यापुढे किंमत नाही. शनिवारच्या बाजारातले जोंधळा, शेंग आणि गुळाचे भाव. पूर आला की पाणी घाटाच्या कितव्या पायरीला लागलं. 1972 च्या दुष्काळात कोणत्या गावच्या शिवारात बंडिंगचं काम निघालं, खडी कुठे फोडायची, सुकडी कुठे मिळाली आणि कुठे तिला वास येत होता. लोकल बोर्डाने कोणती वाट दुरुस्त केली. या शेवटच्या प्रकारातल्या चार ओळींच्या बातमीवर दोन वाड्यांचा शेताकडे जाण्याचा रस्ता मोकळा झालेला मी पाहिला आहे. समोरच्यांचं म्हणणं होतं की तिथे वाट कधी नव्हतीच. छापलेला अंक समोर ठेवल्यावर प्रकरण तडजोडीने मिटलं. आज तसंच प्रकरण आलं तर माझ्याकडे ठेवायला काही नाही.

याच साप्ताहिकाची बाकीची गत ऐका. ते ज्या छापखान्यात निघायचं तिथलं पायाने चालवायचं ट्रेडल मशीन मालकाच्या वारसांनी भंगारात दिलं. छपाईचे खिळे धातूच्या भावाने गेले, खिळ्यांच्या लाकडी केशी कुणीतरी भिंतीवर शोभेला लावल्या आहेत. इंग्रज सरकारने छापखान्याकडे कधीकाळी जामीन, म्हणजे अनामत रक्कम, मागितली होती असं जुनी माणसं सांगतात. तो कागद, आणि मुद्रक-प्रकाशकाने मॅजिस्ट्रेटसमोर केलेलं डिक्लेरेशन, शिल्लक असेल तर सरकारी दफ्तरात कुठेतरी असेल. म्हणजे अंक ग्रंथालयाचा विषय, जामिनाचा कागद पुराभिलेखाचा, यंत्र संग्रहालयाचं. तीन संचालनालयं, दोन मंत्री, आणि हे तिन्ही तुकडे एकाच गोष्टीचे आहेत असं जिथे लिहिलेलं सापडेल अशी एक ओळ राज्यात कुठेही नाही.

आपल्याकडे ज्यांनी हे काम सुरू केलं त्यांनी असे कप्पे पाडले नव्हते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं उतरवत होते. 1898 मध्ये त्यांचा मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड निघाला, 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. मिरजेच्या शाळेत शिकवता शिकवता वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातले कागद लावले आणि छापले. पारसनीसांनी साताऱ्यात कागद, चित्रं, नकाशे एकाच छपराखाली जमवले. पुढे 1939 मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवला गेला. यांपैकी कुणीही सरकारी आदेशाची वाट पाहिली नाही. उलट पेशवे दफ्तर ज्या सरकारने ताब्यात ठेवलं होतं त्या सरकारने अभ्यासकांना त्यात फार काळ फिरकू दिलं नाही.

पेशवे दफ्तर टिकलं ते का, हेही वकिलाच्या नजरेने पाहण्यासारखं आहे. कंपनी सरकारला आपल्या इतिहासाचं प्रेम नव्हतं. इनामं खरी की खोटी हे तपासायचं होतं, म्हणून इनाम कमिशनने कागद गोळा केले, रुमालांत बांधले, क्रमांक घातले. पुराव्यासाठी ठेवले म्हणून राहिले. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी मराठी वृत्तपत्रांचंही असंच आहे. सरकारी भाषांतरकार दर आठवड्याला देशी पत्रांचा इंग्रजी गोषवारा करून वर पाठवायचे, कोण काय लिहितो यावर नजर ठेवायला. मूळ मराठी अंक गेले, पाळतीचा इंग्रजी सारांश राहिला. आज अभ्यासकाला आपल्याच पणज्याचा लेख साहेबाच्या कारकुनाने गाळून दिलेल्या चार इंग्रजी ओळींत वाचावा लागतो. परक्या सरकारच्या वेळी हे झालं, ठीक. 1960 नंतर आपल्या राज्यात काय झालं त्याबद्दल तुम्हा दोघांना विचारायला हवं.

माझी गाऱ्हाणी अशी.

पहिलं, कायद्याचं. 1954 च्या केंद्रीय कायद्याने प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती देशातल्या ठरावीक ग्रंथालयांना पाठवायच्या असं ठरलं, 1956 च्या दुरुस्तीने त्यात वर्तमानपत्रं आली. मुंबईत टाउन हॉलमध्ये त्या प्रती येतात. पण त्याआधीचे तालुक्याच्या साप्ताहिकाचे अंक शोधायचे तर जागा बहुतेक वेळा एकच असते, त्या गावचं वाचनालय. आणि नंतरच्या काळातही छोट्या गावचा संपादक दर अंक नेमाने मुंबईला पाठवत होता, यावर मी पैज लावणार नाही. राज्याने 2005 मध्ये सार्वजनिक अभिलेखांचा कायदा केला. त्याने सरकारी कार्यालयातला कागद सांभाळायची जबाबदारी अधिकाऱ्यावर टाकली, चांगलं झालं. वाचनालयातल्या छापील फाइलीला तो कायदा हात लावत नाही. सरकारी फाइल हरवली तर निदान विचारणा होते. साप्ताहिकाची फाइल विकली तर पावती मिळते.

दुसरं, अनुदानाचं. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावी वाचनालयं उभी राहिली, याचं श्रेय राज्याला आहेच. पण वाचनालयाचा वर्ग ठरताना पुस्तकं किती, दैनिकं-मासिकं किती येतात, सभासद किती, हे मोजतात. तपासणीला अधिकारी येतात तेव्हा आमच्याकडे नोंदवह्या पाहतात, स्वाक्षरी करतात, चहा घेतात. जुन्या संग्रहाला गुण नाहीत. शंभर वर्षांपूर्वीची फाइल आणि कालचं दिवाळी अंकांचं गाठोडं, दोन्ही सारखंच शून्य. मग जागा अडवणारी वस्तू कोण ठेवील? 2022 मध्ये परिरक्षण अनुदानात, म्हणजे वाचनालय चालवायला राज्य देतं त्या पैशात, 60 टक्के वाढ झाली, तिचं स्वागत आहे. पण त्यातून ग्रंथपाल आणि शिपायाचं मानधन, वीज आणि नवी पुस्तकं भागली की पुढे कसरीचा बंदोबस्त करायला काही उरत नाही. मानधनाच्या आकड्याबद्दल इथे लिहीत नाही. तो आकडा तुमच्या कार्यालयात आहे, आणि तो वाचून कुणालाही आपल्या मुलीला ग्रंथपाल करावंसं वाटणार नाही.

तिसरं गाऱ्हाणं मोडीचं. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारने समिती नेमली आणि राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली. जन्ममृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना 14, कोतवाल बुकं, शाळांची रजिस्टरं, सगळं टेबलावर आलं. माझ्याकडे त्या महिन्यांत कोर्टाची कामं बाजूला ठेवून लोक याच कामाला येत होते. आरक्षणाच्या वादात मला या पत्रात पडायचं नाही. पण तेव्हा जे दिसलं ते लिहायलाच हवं. रजिस्टर उघडलं की पानांचा भुगा हातात येत होता. नोंद मोडीत असली की ती वाचणारा माणूस आमच्या तालुक्यात नव्हता; शेजारच्या जिल्ह्यातून एक निवृत्त गृहस्थ एसटीने यायचे, त्यांच्यासाठी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात रांग लागायची, आणि भिंग लावून वाचता वाचता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. ज्या कागदांकडे पिढ्यान्‌पिढ्या कुणी पाहिलं नाही त्यांच्यावर अचानक लाखो घरांची आशा लागली. उद्या कोणता कागद लागणार आहे हे आज कुणाला सांगता येतं? आमच्या मंडळाच्या ठरावात ‘कालबाह्य’ असा शब्द आहे. तो ठरवणारं कोण, असं मी त्या सभेला असते तर विचारलं असतं.

चौथं, पाण्याचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत वाचनालयात पूर शिरला, ग्रंथांचा लगदा झाला. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं आणि 1864 पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला दुसऱ्यांदा तडाखा बसला. 2005 ला एकदा बसलाच होता. हे वाचन मंदिर म्हणजे मी वर जे तुकडे म्हटले ते एकत्र ठेवू पाहणारी संस्था आहे: ग्रंथालय आहे आणि कोकणच्या वस्तूंचं संग्रहालयही आहे, गावकऱ्यांच्या बळावर उभं केलेलं. अशा संस्थांना पूर ओसरल्यावर भेटी आणि आश्वासनं मिळतात. पूररेषेच्या आतल्या ग्रंथालयांची साधी यादी करून दुर्मीळ संग्रह वरच्या मजल्यावर हलवायला किती खर्च येईल? आणि फक्त गावच्या वाचनालयांकडे बोट दाखवायला नको. 21 जून 2012 ला मंत्रालय जळलं तेव्हा राज्याच्या स्वतःच्या फाइली राख झाल्या.

पाचवं, स्कॅनिंग. कुठेही हा विषय काढला की ‘आपण सगळं डिजिटाइझ करतोय’ असं ऐकू येतं. करा, जरूर करा. पण मी पाहिलेल्या एका ठिकाणी कंत्राटदाराने शिवण उसवून पानं सुटी केली, स्कॅन केली, आणि फाइलींना ‘इमेज 0001’ अशी नावं देऊन हार्ड डिस्क कपाटात ठेवली. ती उघडायची कशी हे तिथल्या कुणाला माहीत नाही. सूची नसलेलं स्कॅनिंग म्हणजे चावी हरवलेली तिजोरी. शिवाय ‘आता स्कॅन झालंय’ म्हणून मूळ प्रती विकायचा मार्ग मोकळा होतो, ते वेगळंच.

सूचीचं काम आपल्याकडे एका माणसाने करून दाखवलेलं आहे. शंकर गणेश दात्यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी छापील ग्रंथांची सूची केली, पुढे ती 1950 पर्यंत वाढवली. संगणक नव्हता, कार्डांवर काम. त्यानंतर नियतकालिकांचीही सूची झाली. आज कुणी मराठीवर काम करायला बसला की आधी दाते सूची उघडतो. त्यापुढचं पाऊल, म्हणजे कोणता अंक आज कोणत्या गावात कोणत्या कपाटात आहे, हे टाकायचं काम राज्याचं होतं. ते पाऊल पडलं असतं तर आमच्या मंडळाला यादीत ‘किलो’ लिहिता आलं नसतं.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याच वर्षी लंडनहून वाघनखं आली, साताऱ्याच्या संग्रहालयात लोकांनी रांगा लावून पाहिली, मीही पाहिली. 2025 मध्ये किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. भिलारला पुस्तकांचं गाव वसवलं तेही मला आवडतं. या कशाच्याही विरोधात मी नाही. पण वाघनखांसाठी राज्य सरकारने लंडनच्या संग्रहालयाशी करार केला, आणि तालुक्यातल्या फाइलीसाठी एक परिपत्रक काढायला तीन संचालक अजून एका टेबलाशी बसल्याचं ऐकिवात नाही. शिवाय एक सांगते. मोठ्या माणसांचे कागद कुठे ना कुठे राहतात. लंडनमध्ये राहतात, पुण्यात राहतात. ज्याच्या नावावर एकर-दीड एकर आहे, जिची सही म्हणून अंगठा आहे, त्यांचं नाव छापून आलेलं असतं ते तालुक्याच्या साप्ताहिकातच. सत्यशोधक पत्रांचे मूळ अंक शोधणाऱ्यांना विचारा, किती पायपीट करावी लागते. 1910 पासून मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ चालवला, तोही बराच काळ नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून. असली पत्रं कुणीतरी घरी, कुणीतरी वाचनालयात जपली म्हणून आज त्यांच्याबद्दल बोलता येतं.

आता मागण्या. यातली एकही अशी नाही की जिच्यासाठी नवी इमारत किंवा भूमिपूजन लागेल.

1. 1 मे 1960 पूर्वीचं कोणतंही छापील किंवा हस्तलिखित साहित्य, अनुदानित ग्रंथालयाने नाव, साल आणि अंकवार यादी जाहीर केल्याशिवाय आणि ती 90 दिवस खुली ठेवल्याशिवाय निर्लेखित करू नये. त्या मुदतीत पुराभिलेखागार, विद्यापीठं, दुसरी ग्रंथालयं यांना ते विनामूल्य मागता यावं. स्थानिक वर्तमानपत्रांसाठी ही अट 1990 पर्यंत असावी. हे परिपत्रक दोन्ही विभागांच्या सहीने, याच महिन्यात निघावं.

2. नियतकालिकांच्या बांधीव फाइलींना दाखल अंक द्यावा, आणि वार्षिक तपासणीच्या नमुन्यात जुन्या संग्रहाचा रकाना घालावा. जपला तर गुण मिळावेत.

3. जुन्या संग्रहासाठी परिरक्षण अनुदानात वेगळं शीर्ष असावं. मानधनातून कापून नको.

4. प्रत्येक जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात मोडी वाचणारी आणि कागद दुरुस्त करता येणारी एक व्यक्ती, कायमस्वरूपी. तासिका तत्त्वावर नको.

5. ज्या वाचनालयांना जागा नाही त्यांचा जुना संग्रह मालकी न बदलता जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवून घ्यावा. आमच्या मंडळाला हा पर्याय असता तर त्यांनी घेतला असता, हे मी त्यांना विचारून लिहिते आहे.

6. तिन्ही संचालनालयांची मिळून एक सूची. एका गावाचं नाव टाकलं की तिथलं साप्ताहिक, तिथलं दफ्तर आणि तिथून संग्रहालयात गेलेली वस्तू, तिन्ही कुठे आहेत ते दिसावं. सुरुवात शंभर वर्षं ओलांडलेल्या ग्रंथालयांपासून करावी. रत्नागिरीचं 1828 चं, नाशिकचं 1840 चं, अशी कितीतरी आहेत. स्कॅनिंग त्यानंतर.

7. पूररेषेतल्या ग्रंथालयांची यादी पुढच्या जूनच्या आत.

जाता जाता रद्दीवाल्याचं. मी त्याच्याकडे गेले होते. भला माणूस आहे, त्याने गोडाऊन उघडून दाखवलं. गाडी आधीच पेपर मिलला गेली होती. त्याच्याकडे एक सुटा अंक मिळाला, वर वाचनालयाचा जांभळा शिक्का, समासात कुणीतरी शिसपेन्सिलीने ‘खोटे’ असं लिहिलेलं. तो मी पैसे देऊन घेतला आणि वाचनालयाला परत दिला, पावती घेऊन.

वाचनालयात अजून दोन कपाटं आहेत. त्यांत नाटक मंडळ्यांची हस्तलिखितं, जुन्या सभांची इतिवृत्तं आणि काही मोडी कागद आहेत. कार्यकारी मंडळाच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ती कपाटं आहेत. मंडळाने मला सांगितलं आहे की वरून काही लेखी आलं तर विषय थांबवू. ते लेखी तुमच्याकडून हवं आहे. या पत्राची प्रत तिन्ही संचालकांना पाठवली आहे आणि टपालाच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत.

आपली,
तालुका न्यायालयातील एक वकील,
व वाचनालयाची आजीव सभासद